मैनाबाईंच्या आठ्या

"मावशी, कपाळाला आठ्या घाला बघू. चांगल्या मोठ्या. रागवा माझ्यावर."

मैनाबाईंना राग येईना. खुर्ची मागे कललेली, डोक्यावरच्या दिव्याचा उजेड सायीसारखा तोंडावर पसरलेला, आणि डॉक्टर नीलम हातात पांढरी पेन्सिल धरून वाट पाहत उभ्या. अमरावतीच्या ज्या गल्लीत मैनाबाई राहत, तिथली पोरे त्यांचे कपाळ पाहूनच चेंडू बगलेत मारून घरी जात. त्याच कपाळाला आज मागूनही एक आठी देता येऊ नये, याचे त्यांचे त्यांनाच नवल वाटले.

"आई, बाबानं नळ तसाच चालू ठेवला अन् अंगणभर पाणी झालं, असं समज," शेजारी ट्रे घेऊन उभी असलेली वर्षाली म्हणाली.

मग मात्र आठ्या आल्या. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या, नांगराच्या तासासारख्या खोल, आणि त्यांच्यावर आडव्या ओळी, एकीखाली एक. डॉक्टरांनी पेन्सिलीने त्यांच्यावर ठिपके दिले.

"बाबांचं नाव काढलं की हजर," त्या हसल्या.

"जन्माची सवय हाये बाई," मैनाबाई म्हणाल्या.

वर्षाली त्यांची लेक. ती याच दवाखान्यात मदतनीस होती, आणि माघात तिचे लग्न होते. लग्नाचा आहेर म्हणून तिच्या आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या आपण सैल करून देऊ, असे डॉक्टरांनी आपणहून म्हटले होते. बाई भली होती. सुई हातात घेण्याआधी तिने सगळे नीट विचारले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पापण्या जड होतात का? कशाची ॲलर्जी?

"नाई. काहीच नाई."

"आणि काम काय करता तुम्ही?"

"आता काय काम? घरीच रायतो."

खोटे बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि हे खोटेही नव्हते. ज्या कामाला कधी कोणी नाव दिले नाही, ते काम म्हणून सांगायचे कसे?

"हे औषध कपाळाच्या स्नायूंना झोपवतं, मावशी. थोड्या दिवसांत कपाळ मोकळं दिसायला लागेल. तीन-चार महिन्यांनी ते आपलं आपण जागं होतं. घाबरायचं काही नाही."

"झोपू द्या बाई," मैनाबाईंनी डोळे मिटले. "लय जागलं थे."

सुया बारीक होत्या, मुंगी चावावी तशा.

त्या या खुर्चीत कशा येऊन बसल्या, ते सांगायला हवे. लेकीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तिवशाला झाले, मुलाच्या घरी. मुलगा शुभम, घरचे लोक शेतकरी, खाऊनपिऊन सुखी. त्या दिवशी मैनाबाई जितक्या सुखात होत्या तितक्या त्या आयुष्यात क्वचितच असतील. पण फोटो आले तेव्हा शुभमच्या आत्याने मोबाइलवर एकेक पुढे सारत विचारले, "विहीनबाई नाराज होत्या काय वं? एका फोटोत धड तोंड नाई." वर्षालीने हे घरी येऊन हसत सांगितले. मैनाबाई हसल्या नाहीत. तोंडाने त्यांनी कधी खोटी साक्ष दिली नव्हती, आणि कपाळाने भर मांडवात दिली.

आणि दुसरेही एक होते, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. रूपाची हाव वेगळी आणि स्वतःच्या हरवलेल्या तोंडाची ओढ वेगळी. पातूरकडच्या एका खेड्यात, लग्नाआधी, विहिरीच्या पाण्यात वाकून पाहिले की एक गुळगुळीत कपाळाची मुलगी वर पाहत असे. ती कुठे गेली, हे मैनाबाईंना कधी विचारायला सवड झाली नव्हती.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी लेकीला बजावले, "तुह्या बाले सांगू नोको."

"काहून? त्याईले काय दिसणार नाही?"

"दिसन तं दिसन. सुई टोचून घेतली हे नोको सांगू. या उमरीत नवऱ्याले काय तोंड दाखवू मी?"

"नवीन दाखव," वर्षाली म्हणाली.

मैनाबाईंच्या नवऱ्याला, नत्थुजींना, ऐकू येत नसे. कान जन्माचे गेलेले नव्हते. अकोल्याच्या जिनिंगने ते हळूहळू, हंगामामागून हंगाम करत नेले होते. लग्न झाले त्याच वर्षी नवराबायको खेडे सोडून अकोल्याला जिनवर कामाला आली. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारे यंत्र. त्यांची लांब रांग सुरू झाली म्हणजे शेजारी उभ्या माणसाची हाक शेजाऱ्याला ऐकू जात नसे. आत धुके पडावे तशी रुई उडत असे. ती नाकातोंडात जाऊ नये म्हणून बायका पदर घट्ट बांधून घेत. ओठ झाकले जात. उघडे राहत ते डोळे आणि कपाळ.

म्हणून जिनवर जी भाषा चाले ती हातांची आणि भुवयांची. हात शब्द सांगत. त्या शब्दाचे काय करायचे ते भुवया सांगत. मूठ तोंडाशी नेली की चहा. तिच्यासोबत भुवया वर गेल्या तर 'घेता का?', आवळल्या तर 'आता नाही, नंतर', आणि एकच भुवई चढली तर थट्टा: 'तुमचा चहा दुसरंच कोणी पिऊन गेलं.' शहाणे लोक ज्याला संसार म्हणतात तो त्या दोघांनी असा रुईच्या धुक्यात, एकही शब्द न उच्चारता मांडला. रात्री खोलीवर आल्यावर बोलण्याचा कंटाळा येई. तिथेही तीच भाषा पुरे. मग एक दिवस नत्थुजींच्या लक्षात आले की जिन बंद झाल्यावरही आपल्याला काही ऐकू येत नाही. त्यांना फारसे दुःख झाले नाही. बायकोचे बोलणे त्यांना दिसत होते.

त्या भाषेत सपाट कपाळाला एकच अर्थ होता. अबोला. मैनाबाईंनी तो जन्मात एकदाच धरला. पहिली लेक तापाने फणफणत असताना नत्थुजी पाळीवर निघून गेले. परतले तेव्हा लेक नव्हती. त्या साऱ्या हंगामात मैनाबाईंच्या कपाळावर एक रेघ उमटली नाही. नत्थुजी समोरच्या जिनवरून रोज पाहत, आणि कपाळ धुतलेल्या पाटीसारखे कोरे असे. पुढे कधीतरी, नव्या कापसाच्या पहिल्या गाड्या आल्या तेव्हा, तिथे एक बारीक आठी आली. नत्थुजी त्या दिवशी जिनपाशी उभे राहून रडले होते. वर्षाली त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाली. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी अकोला सोडले आणि अमरावतीला बिऱ्हाड केले. कमावती झाल्यावर तिने बापाला कानाचे यंत्र आणून दिले. नत्थुजींनी ते दोनदा लावले आणि डबीत घालून फळीवर ठेवून दिले. "यात मले नुसती जिनच आयकू येते," ते म्हणाले.

कपाळ झोपले ते असे की मैनाबाईंनाही समजले नाही. एके सकाळी वेणी घालताना आरशात पाहिले, तर विहिरीतली मुलगी वर आली होती. केस पांढरे, गाल ओघळलेले, पण कपाळ तेच. त्या कितीतरी वेळ कंगवा हातात धरून बसल्या. पौषातले ऊन खिडकीतून आले होते. बाहेर कोणी भाजीवाला ओरडत होता, आणि त्याचा आवाज दुसऱ्याच कुठल्या गावातून येत असल्यासारखा लांब वाटत होता.

त्यानंतरचे दिवस त्यांनी झोपेत चालावे तसे घालवले. शेजारच्या पार्बताबाई म्हणाल्या, "काय लावता वो तोंडाले? मले तं सांगा." भाजीवाल्याने प्रथमच न मागता कोथिंबीर घातली. गल्लीतली पोरे चेंडू मागायला थेट अंगणात आली. दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडे: जिनची ती लांब रांग, यंत्रे चालू आहेत पण आवाज नाही, आणि वरून रुई पडते आहे, पडतेच आहे. समोर उभे असलेले नत्थुजी हात हलवून काही विचारत आहेत. त्यांना उत्तर द्यायचे आहे, पण रुई मधे येते. जाग आल्यावर मैनाबाई कपाळाला हात लावत. ते हाताला गार आणि गुळगुळीत लागे, आणि त्या पुन्हा समाधानाने कूस बदलत.

घरात काय चालले होते ते त्यांना उशिरा दिसले.

मूठ तोंडाशी नेऊन त्या विचारत, "चहा घेता?" नत्थुजींना दिसे, 'चहा घ्या.' ते मुकाट घेत. मनात असो, नसो. हुकूम तो हुकूम. त्या विचारत, "भाजी तिखट झाली का?" नत्थुजींना दिसे, 'भाजी तिखट झाली,' आणि ते मान हलवून पाणी पीत. थट्टा केली तर ती खरी ठरे. लग्नाच्या खरेदीहून आल्यावर मैनाबाईंनी गमतीने खूण केली की तुमच्यासाठी काही आणले नाही, तुम्ही आहे त्याच धोतरात या. भुवई चढायची ती चढली नाही. नत्थुजींनी जुने धोतर काढून, धुऊन, दोरीवर वाळत घातले. पिशवीतले नवे तसेच राहिले.

आधी ते विचारून पाहत. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याचे बोलणे एकतर फार मोठे असते, नाहीतर फार हळू. नत्थुजींचे हळू होत गेले. "काही चुकलं काय?" त्यांनी एकदा विचारले. मैनाबाईंनी जोराने नकाराची मान हलवली. पण मान काय, दारावरच्या बाहुलीचीही हलते. नत्थुजी त्यांच्या कपाळाकडे पाहत राहिले. तिथे काहीच लिहिलेले नव्हते. त्या दिवसापासून ते अंगणात उन्हाला बसत ते भिंतीकडे तोंड करून.

"माय, बाबाले सांगून टाक," वर्षाली म्हणाली. "त्याईचं तोंड पाह्य कसं झालं."

"सांगतो ना. लगन होऊ दे."

"मीच सांगतो मग."

"माह्या नवऱ्याले माह्या कपाळाची गोठ तू सांगशील?" मैनाबाई म्हणाल्या. एरवी या वाक्यासरशी अशा आठ्या आल्या असत्या की वर्षालीने विषय सोडला असता. आता नुसताच एक आवाज आला. तरी तिने विषय सोडला. संस्कार चांगले होते.

पण त्याच दुपारी मैनाबाई अंगणात गेल्या. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावून त्यांनी त्याला वळवले, आणि त्याची करमणूक व्हावी म्हणून जुनी गोष्ट काढली. छातीशी दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या: जिन. बोट त्याच्याकडे केले: तुम्ही. मग हात लांब नेला: तिकडे. 'जिनवर जावंसं वाटते का? आठवण येते का तुम्हाले?'

नत्थुजींनी फार वेळ पाहिले. मग होकाराची मान हलवली आणि उठून आत गेले. मैनाबाईंना बरे वाटले. आठवण येते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मायलेकी पत्रिका द्यायला नातेवाइकांकडे गेल्या आणि दुपारी परतल्या, तो दाराला कुलूप. किल्ली पार्बताबाईंकडे.

"हे कुठी गेले?" मैनाबाईंनी विचारले.

"आता तुमीच मले इचारा," पार्बताबाई म्हणाल्या. "तुमीच धाडलं ना? आंगोय करून, थयली घेऊन सकायीच निघाले. म्हटलं, कुठी? तं म्हणे, अकोल्याले. जिनवर. घरून हुकूम झाला म्हणे."

मैनाबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांचे काळीज लटलट कापत होते आणि कपाळ शांत होते. पार्बताबाई त्या कपाळाकडे पाहून म्हणाल्या, "बाकी तुमचं मन लय घट्ट हाये बापा. म्हाताऱ्या मानसाले लेकीच्या लग्नाच्या तोंडावर घराबाहेर काढलं, अन् चेहऱ्यावर काही नाई."

वर्षाली फोन हातात घेऊन रडकुंडीला आली. नत्थुजींपाशी फोन असून उपयोग नव्हता. "मी येतो संगं," ती म्हणाली.

"तू घरी थांब. उद्या तिवशाचे लोक येऊन राहिले. मी आणतो त्याईले."

"आले नाही तं?"

मैनाबाईंनी पायात चपला सरकवल्या. तेच तर त्यांना माहीत नव्हते.

बडनेरा गेले, मूर्तिजापूर गेले. एस.टी.च्या खिडकीबाहेर वेचलेल्या कापसाची काळी वावरे मागे जात होती. कापसाच्या झाडांना, पळाट्यांना, चुकार बोंडे लटकत होती. काचेत एक सपाट कपाळाची म्हातारी दिसत होती, आणि तिच्या आरपार ती वावरे. मैनाबाईंनी तिला आठी घालायला सांगून पाहिले. म्हातारीने ऐकले नाही. कपाळ आपले, कातडी आपली, आणि हुकूम मात्र पोचत नाही. नत्थुजींना हे कसे वाटले असेल, ते त्यांना आता समजू लागले. तो पहिल्या लेकीचा हंगाम त्यांच्या मनात पुन्हा उभा राहिला. त्या अबोल्याला निदान कारण होते. या वेळी तो माणूस रोज भिंतीसमोर बसून स्वतःचा गुन्हा शोधत होता, आणि तो सापडत नसतानाही शिक्षा मान्य करून निघून गेला होता.

जिनिंगच्या फाटकाशी डोमाजी भेटला. नत्थुजींच्या जोडीने काम केलेला. आता देखरेखीला बसत असे.

"या वहिनी. तुमीच राहिल्या होत्या," तो म्हणाला. "सकायपासून येऊन बसला तुमचा मानूस. म्हणे कामाले लाव. म्हटलं, अरे बावा, आता सारं ऑटोमॅटिक झालं, अन् तुह्ये दात तरी हायेत काय कापूस चावायले? आयकू येते कोनाले! गेला आत. रुईच्या ढिगापाशी उभा हाये. मी म्हटलं राहू द्या, जिनचा मानूस जिनवर आला."

"जेवले काय?"

"माह्या डब्यातलं दिलं. अर्धी भाकर खाल्ली." डोमाजीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले. "वहिनी, तुमी बऱ्या हा ना? वयखूच नाई आल्या."

आत पाऊल टाकताच आवाजाने त्यांना उचलून घेतले. यंत्रे नवी होती, पण आवाज जुनाच. हात आपोआप पदराकडे गेला. त्यांनी तो नाकातोंडावरून घेऊन मानेमागे गाठ मारली. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते आणि त्यांत रुई तरंगत होती, खाली यायची तिला घाई नव्हती. स्वप्नातलेच ठिकाण. पलीकडे पांढऱ्या ढिगापाशी नत्थुजी उभे होते, खांद्यावर थैली, टोपीवर रुई.

त्यांनी बायकोला पाहिले. डोळे आणि कपाळ. ते क्षणभर पुढे आले, आणि कपाळ पाहून थांबले.

इथे दोघेही सारखेच बहिरे होते. नत्थुजींनी तोंड उघडले नाही, हात उचलले. 'तू सांगितलं. मी आलो.' आणि त्यांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या, थरथरल्या, वरच राहिल्या. 'अजून काय करू?'

मैनाबाईंनी हात हलवले. नाही. घर. चला. हात शब्द सांगत होते, आणि त्यांतला एकही विनवणीचा होत नव्हता. नत्थुजींना दिसत होता तो आणखी एक हुकूम. ते निमूट निघायला वळलेसुद्धा. हुकमासरशी आलेला माणूस हुकमासरशी परत येणार होता, आणि तसा तो मैनाबाईंना नको होता.

त्या त्यांच्या वाटेत आडव्या आल्या. दोन्ही हातांची बोटे त्यांनी भुवयांवर टेकवली आणि कातडी वर रेटली. जोराने, जणू जुने जड दार उघडावे. कपाळावर ओळी उमटल्या. तशाच उभ्या राहिल्या त्या, दहा बोटांनी स्वतःचे कपाळ उचलून धरून. हात त्यात अडकल्यामुळे शब्द कोणताच सांगता येत नव्हता. होते ते नुसते विचारणे.

नत्थुजी पाहत राहिले. बोटे दमून निसटली तशा ओळी पाण्यावरच्या रेघांसारख्या पुसल्या गेल्या. मैनाबाईंनी पुन्हा रेटल्या.

नत्थुजींची एक भुवई हळूहळू चढली.

बाहेर, सरकीच्या पोत्यांच्या आडोशाला, त्यांनी बायकोला बसवले आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप पाहावा तसा. "काय झालं वं? वारं गेलं काय यावरून? लुळं पडलं काय?"

मैनाबाईंनी बोटाने कपाळाला टोचल्याची खूण केली. इथे, इथे, इथे.

"सुई? डाक्टरनं?" नत्थुजींचा आवाज एकदम मोठा झाला. डोमाजी फाटकावरून वळून पाहू लागला. "एवढं दुखनं होतं तं मले सांगतलं काहून नाई?"

आता आली पंचाईत. दुखणे नव्हते, हे सांगायचे होते. लेकीचे लग्न, फोटो, शुभमची आत्या काय म्हणाली, इतके हातांनी झाले. पण पुढे? सुंदर दिसावे म्हणून, हे कोणत्या खुणेने सांगायचे? जिनवरच्या भाषेत तो शब्दच नव्हता. तिथे त्याची कधी कोणाला गरज पडली नव्हती. मैनाबाई थबकल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग त्यांनी मांडीवर पडलेला रुईचा एक पुंजका उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि हळू ओढून धागा लांबवून दाखवला. जिनवर उत्तम रुई अशीच पारखतात. धागा लांब निघाला की माल अव्वल. तो लांबवलेला धागा त्यांनी आपल्या कपाळावर ठेवला आणि मान खाली घातली.

नत्थुजी जवळ सरकले. मग त्यांनी तो धागा कपाळावरून उचलून घेतला, उन्हात धरून पाहिला, आणि फुंकून उडवून दिला.

"तुले कोनं सांगतलं," ते म्हणाले, "का तुह्या कपायाची रुई खराब होती म्हणून?"

मैनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. कपाळ तेवढे शांत.

"केव्हा येईन थे वापस?"

त्यांनी खुणेने सांगितले. होळी जाऊ द्या. मग येईल.

"तवलोक बोटानं बोलजो," नत्थुजी म्हणाले. "मी हाये ना पाहाले." आणि मग, एस.टी.कडे चालताना, "पन थे धोतराचं खरं होतं काय? मी जुनंच धुतलं."

माघात वर्षालीचे लग्न झाले. मैनाबाई मोरपंखी शालूत, मोकळ्या कपाळाने मांडवभर फिरल्या, आणि शुभमच्या आत्याने चारचौघींत कबूल केले की विहीण देखणी आहे. मैनाबाईंनी ते मान तुकवून घेतले. मानाला नाही म्हणू नये. फोटो पुष्कळ निघाले. एकातही त्या नाराज दिसत नाहीत.

पाठवणीच्या वेळी वर्षाली गळ्यात पडली, तेव्हा मात्र त्यांना रडता येईना. पाणी वाहत होते, पण रडे चेहऱ्यावर उतरत नव्हते. वरच कुठेतरी अडून राहिले होते. तिवशाचे लोक आपसांत म्हणाले, विहीणबाई किती शांत. गाडी वळून दिसेनाशी झाली. मैनाबाई तशाच उभ्या. नवे धोतर नेसलेले नत्थुजी गर्दीतून वाट काढत जवळ आले. त्यांनी एकदा पाहिले, आणि अंगठा व तर्जनी, रुई पारखताना धरावीत तशी, बायकोच्या दोन भुवयांवर ठेवली. मग भुवया हलकेच मधे आणल्या. दोन उभ्या आठ्या उमटल्या. त्यांनी त्या धरून ठेवल्या, मैनाबाईंचे रडून होईपर्यंत.

फोटोग्राफरने तेवढ्यात एक फोटो काढला. साऱ्या अल्बमातला तोच मैनाबाईंनी चौकटीत घालून बैठकीत लावला आहे. येणारेजाणारे तो पाहून हसतात आणि म्हणतात, म्हातारा बायकोचे कुंकू नीट करतो आहे. मैनाबाई त्यांना चहा देतात, आणि त्यांची समजूत तशीच राहू देतात.